खोट्या प्रवाशांची रांग

मागच्या आठवड्यात धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, आई दुसऱ्यांच्या वेबसाइट मोडते आणि त्याचा तिला पगार मिळतो, हे खरं आहे?" मी हसले आणि म्हटलं, हो, तसंच काहीसं. फोन ठेवल्यावर मात्र ते उत्तर मला टोचत राहिलं. तुमची आई हे काम पहिल्यांदा शिकली ती रत्नागिरीत, आपल्या पुढच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर. आणि ते शिकली म्हणूनच ती रत्नागिरीत राहिली नाही. तिने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा मी सांगते, आणि क्रमाने सांगते, नाहीतर माझंच मन भरकटेल.

नव्या शतकाची पहिली एक-दोन वर्षं असतील. पुण्याला इंजिनिअर होऊन, तिथल्याच एका कंपनीत काही दिवस नोकरी करून तुमची आई एका सकाळी कॉम्प्युटरच्या खोक्यांसकट घरी आली. मारुती मंदिराजवळच्या ब्लॉकमध्ये आम्ही दोघंच होतो तेव्हा. खोकी अजून दारात होती तेवढ्यात ती म्हणाली, "मला इथेच राहून काम करायचंय. आता माणसाने कुठे बसावं याला काही अर्थ उरलेला नाही. वायर असली की झालं."

आजोबांनी वर्तमानपत्राच्या वरून बघितलं. "वायर आहे. तिच्यातून वीज कधी येते ते बघ आता."

मला मनातून इतका आनंद झाला होता की मी तो दाखवलाच नाही. एकुलती एक मुलगी परत आली होती. पण पुण्याच्या कंपनीने तिची जागा पुरती सोडली नव्हती. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, आषाढ संपेपर्यंत वाट बघतो, त्यानंतर दुसऱ्याला घेऊ. तिने मला स्वच्छ सांगितलं, "आई, एक काम मिळालंय. ते उभं राहिलं तर मी राहते. नाही राहिलं तर मात्र मला जावं लागेल." मी तेव्हापासून कॅलेंडरकडे बघायचं टाळायला लागले.

ते काम होतं एका बसमालकांचं. आजोबांच्या ओळखीचे. त्यांच्या गाड्या मुंबईहून निघत. बहुतेक रत्नागिरीला येऊन पुढे मालगुंडला जात, काही अलीकडूनच वळून वेळणेश्वरला. तुम्ही परदेशात वाढलात म्हणून सांगते: मुंबईला नोकरी करणारा कोकणातला माणूस वर्षभर कुठेही असो, गणपतीला तो घरी येणार म्हणजे येणार. रजा मिळाली नाही तर नोकरी सोडून येणारे मी पाहिलेत. त्यामुळे गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग ज्या सकाळी उघडे, त्या सकाळी सगळे एकदमच फोन करत. बसमालकांना ते इंटरनेटवर आणायचं होतं. ऑफिसात बसून, नाहीतर कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन लोकांनी आपली सीट आपणच निवडावी.

पहिल्यांदा ते आले तेव्हा छत्री दारात उघडी ठेवून, पँट दुमडून खुर्चीच्या काठावर बसले.

"वयनी, तुमची बाय हुशार हाय हे सगळा गाव बोलतो," ते मला म्हणाले. "पण मला एकच सांगा. एका सीटवर दोन माणसं बसायची नाय. नायतर लोक गणपतीच्या आधी माझंच विसर्जन करतील."

"काका, तेच तर आधी तपासून बघायचंय," तुमची आई म्हणाली.

"तपासणार कशी? माणसं आणणार शंभर-दोनशे? घरात उभी तरी राहतील काय?"

"खोटी माणसं आणणार."

बसमालकांनी आजोबांकडे बघितलं. आजोबा म्हणाले, "खरी तरी कुठे परवडतायत."

मलाही ते खोट्या माणसांचं प्रकरण कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी टाकळ्याची भाजी निवडत बसले असताना तिला विचारलं. आता टेबलावर दोन कॉम्प्युटर झाले होते. एक तिचा, एक मैत्रिणीकडून मागून आणलेला, आणि मधे एक निळी वायर. तिने समजावलं ते असं. एका कॉम्प्युटरमध्ये बस. दुसऱ्यात प्रवासी. प्रवाशांचा प्रोग्राम एकच, पण त्याच्या आत पुष्कळ धागे एकाच वेळी चालतात. त्यांना थ्रेड म्हणतात. प्रत्येक धागा म्हणजे एक माणूस. तो बसकडे सीट मागतो, मग थोडा थांबतो, मग परत काहीतरी मागतो.

"थांबतो कशाला? मशीनला काय दम लागतो?"

"माणसाला लागतो ना. माणूस पडदा वाचतो, बायकोला विचारतो, खिडकीजवळची हवी की नको ते ठरवतो. म्हणून प्रत्येक धाग्याला मधे मधे थांबायला लावायचं. आणि दर वेळी वेगळं. कधी पटकन उठेल, कधी रेंगाळेल. किती थांबायचं तो आकडा कॉम्प्युटरने मनाला येईल तसा काढायचा."

"म्हणजे फासे टाकायचे."

"फासेच. प्रत्येकाच्या हातात आपापले."

मला ते पटलं. किंबहुना फारच पटलं, कारण माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आवाज स्वच्छ होता, म्हणून ऑपरेटर लागले आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडले. तेव्हा तुम्ही नंबर फिरवला की फोन लागत नसे. तुम्ही रिसीव्हर उचलला की आमच्या समोरच्या बोर्डावर तुमच्या नावाचा बारका दिवा लागायचा. मग मुलीने त्यात दोरीसारखी वायर खुपसायची आणि विचारायचं, कुठला नंबर हवाय. मी मुलींच्या पाठीमागे उभी राहून तो बोर्ड वर्षानुवर्षं बघितला. मुली मला आतून टरकून असायच्या, आणि मी गेल्यावर माझ्या चालण्याची नक्कल करायच्या, हे मला माहीत होतं.

बसमालकांना आकडे दाखवून उपयोग नव्हता, म्हणून तुमच्या आईने पडद्यावर बारके चौकोन काढले. एक चौकोन म्हणजे एक खोटा प्रवासी. तो थांबला असला की पिवळा. सीट मागत असला की हिरवा. आणि एकच सीट चुकून दोघांना गेली, तर ते दोन्ही चौकोन लाल. चौकोन तिने मुद्दाम सरमिसळ मांडले होते, गर्दी वाटावी म्हणून. बसमालक दुसऱ्यांदा आले तेव्हा हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"हे दिवे म्हणजे माझी गिऱ्हाइकं?"

"हो काका."

"लाल नाय झाला एकपण."

"नाही झाला."

"मग झालंच की काम! मी येतो परवा मुंबईचं बुकिंग बघणाऱ्या पोराला घेऊन. त्याला एकदा दाखव, आणि मग बुकिंग याच्यावरच उघडू." जाताना दारात वळून म्हणाले, "वयनी, बाय आता रत्नागिरीची."

त्या संध्याकाळी मी तांदळाच्या शेवया केल्या. आजोबांनी तीनदा मागून घेतल्या. पाऊस धरून होता, खोलीभर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, आणि त्यांच्या खाली तो पडदा पिवळा-हिरवा होत होता. ती त्याला बंद करत नव्हती. रात्रंदिवस चालू राहिलं पाहिजे, म्हणाली, थकतं का ते बघू दे.

माझी अस्वस्थता नेमकी तिथून सुरू झाली, आणि मला तिचं कारण कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या खोलीत स्वस्थ बसू शकत नव्हते. डबे पुसून झाले होते ते परत पुसले. दोरीवरचे ओले कपडे काढून दुसऱ्या दोरीवर घातले. स्वयंपाकघरात गेले की बाहेर यावंसं वाटे, बाहेर आले की त्या पडद्याकडे पाठ करून बसावंसं वाटे. आजोबा म्हणाले, "अगं, किती येरझारा घालतेस? जमिनीला खड्डा पडेल." मी म्हटलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं. एखाद्या घरात शिरल्यावर काहीतरी जागेवर नाही असं वाटावं आणि काय ते सांगता येऊ नये, तसं होत होतं.

दुपारी वीज गेली. बॅटरीचा डबा टीटी करायला लागला, पण पडदा चालू राहिला. काळोख्या खोलीत तेवढाच उजेड. तुमची आई स्वयंपाकघरात भाकरी खात होती. मी त्या पडद्यासमोर उभी राहिले आणि मला एकदम एक्स्चेंजची खोली आठवली, पावसाळ्यात दिवे गेले की बोर्डवरचे बारके दिवेच तेवढे दिसायचे ती. आणि वाटलं, हा बोर्ड नाही. बोर्ड असा नसतो.

कसा नसतो, ते मी स्वतःला विचारत राहिले. खऱ्या बोर्डावर अर्धा मिनिट काही नसे, मुली वेण्या नीट करायला लागत, आणि मग चार दिवे एकदम लागत, त्यातले दोन अगदी शेजारी. मग एकच दिवा हट्टाने लुकलुकत राही. मग परत तिघे. कुणाच्या घरी कोण आजारी पडलंय, कुणाची बोट आली नाही, कुणाला नुसताच कंटाळा आलाय, हे एकमेकांना ठाऊक नसताना माणसं रिसीव्हर उचलत. पुढचा दिवा कुठे लागेल हे इतक्या वर्षांत एकदाही मला सांगता आलं नव्हतं.

पडद्यावर डावीकडचा वरचा चौकोन हिरवा झाला. मग मधला खालचा. मग उजव्या कडेचा. मग परत वर. सगळे होऊन पिवळे झाले आणि थांबले. या वेळी बराच वेळ थांबले. मग डावीकडचा वरचा. मग मधला खालचा.

मी बोट पुढे केलं. काचेला न लावता धरलं, आणि उजव्या कडेच्या चौकोनावर नेलं. तो हिरवा झाला. बोट वर नेलं. वरचा झाला.

"आई, काय करतेस?" हातात भाकरीचा तुकडा घेऊन ती दारात उभी होती.

"आता हा होईल," मी म्हटलं. "आता हा कोपऱ्यातला. आता त्याच्या शेजारचा."

"काहीतरीच. ते रँडम आहे."

"आता तो खालचा."

ती जवळ आली. माझं बोट आणि तो हिरवा रंग, बोट पुढे आणि रंग मागे, असं ती थोडा वेळ बघत राहिली. मग चिडली. "आई, तुला नक्षी दिसतेय. रांगोळी बघायची सवय आहे म्हणून. हे तुझं एक्स्चेंज नाही."

"नाही ना. तेच म्हणतेय मी. एक्स्चेंज असतं तर मला सांगता आलं नसतं."

"थांबण्याची वेळ दर खेपेला वेगळी आहे. बघ, आत्ता पटकन झालं, मगाशी उशीर लागला."

"वेळ वेगळी आहे. पण सगळे मिळून थांबतात आणि सगळे मिळून उठतात. आणि उठताना पहिला तो पहिला, दुसरा तो दुसरा. शाळेच्या कवायतीत असतात तशी."

तिने उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने टाइप करायला सुरुवात केली. प्रत्येक धाग्याने आपण किती थांबलो ते पडद्यावर लिहावं, एवढाच बदल. आकडे खाली खाली येऊ लागले. मला ते कळायला काही शिकावं लागलंच नाही. पहिल्याचा जो आकडा, तोच दुसऱ्याचा, तोच तिसऱ्याचा. मग दुसरा आकडा, तोही सगळ्यांचा एकच. ती खालपर्यंत बघत गेली. उष्ट्या हातावरचं पीठ वाळलं होतं.

मग तिने मला सांगितलं, आणि ते मी आजही तुम्हाला सांगू शकते इतकं साधं होतं. फासे टाकायच्या आधी ते मुठीत खुळखुळवावे लागतात. तिने ते एकदाच केलं होतं, सुरुवातीला, मुख्य प्रोग्राममध्ये. तिला वाटलं, घरातल्या मोठ्याने एकदा खुळखुळवले की सगळ्यांचं झालं. पण त्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक धाग्याच्या मुठीत वेगळे फासे असतात, आणि त्यांनी ते स्वतः खुळखुळवावे लागतात. न खुळखुळवलेले फासे सगळ्यांचे सारखेच पडतात. आणि खेळ सुरू करताना तिने प्रवाशांना एकेक करून आत सोडलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते एकामागोमाग एक, शहाण्यासारखे, रांगेत येत होते. दोघं एकाच वेळी तिकिटाच्या खिडकीपाशी पोचलेच नव्हते. मग सीट दोनदा जाणार कशी?

"म्हणजे मी काहीच तपासलेलं नाही," ती म्हणाली.

मी तिला भाकरी दुसरी देऊ का विचारलं.

दुरुस्ती फार छोटी होती. एक ओळ तिने एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी ठेवली. वीज आली, बॅटरीचा आवाज थांबला, आणि तिने बटण दाबलं. आता मात्र तो बोर्ड होता! मी ओळखला. कोपऱ्यात दोन, मग काही नाही, मग इकडे-तिकडे पाच, शेजारी-शेजारी. माझ्या हातांना उगीचच वायर खुपसायची घाई झाली. आजोबाही उठून आले. "हे बरं दिसतंय," म्हणाले, आणि ते म्हणेपर्यंत दोन चौकोन लाल झाले.

लाल रंग आम्ही त्या पडद्यावर पहिल्यांदाच पाहत होतो. लगेच आणखी दोन झाले.

त्यानंतरचे तास मी तुम्हाला नीट क्रमाने सांगू शकत नाही, कारण मी खोलीत कमी आणि गॅलरीत जास्त होते. एवढं कळलं की तिने प्रोग्रामला कुलूप बसवलं. एकाने सीट हातात धरली की ती दुसऱ्याला मिळू नये असं. लाल बंद झाले. मला बरं वाटलं. पण थोड्या वेळाने चौकोन एकेक करून हिरवे होऊन तसेच राहायला लागले. शेवटी सगळा पडदा हिरवा आणि ठप्प.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही प्रवाशांना दोन शेजारच्या सीट हव्यात, नवरा-बायकोला. एका जोडप्याने अकरा नंबर धरलाय आणि बारा सुटायची वाट बघतंय. दुसऱ्याने बारा धरलाय आणि अकराची वाट बघतंय. दोघंही सोडत नाहीत, आणि बाकीचे त्यांच्या मागे अडकतात."

"गल्लीत दोन एसटी समोरासमोर आल्यासारखं," आजोबा म्हणाले. "एकाने मागे घ्यायला पाहिजे."

"कोणी घ्यायची ते ठरवायला मला सगळं परत लिहायला लागेल, बाबा."

"किती दिवस?"

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. उद्या सकाळी बसमालक मुंबईच्या माणसाला घेऊन येणार होते.

आजोबांनी खुर्ची ओढली आणि अगदी हळू आवाजात, जसे ते पोस्टातल्या नोकरीत रजिस्टर पत्र देताना बोलायचे तसं, म्हणाले, "हे बघ. उद्या जुनंच दाखव. कालपर्यंत जे चालत होतं ते. ते खोटं नाही, ते तू केलेलंच आहे. बुकिंग उघडायला अजून वेळ आहे. तोवर दुरुस्त कर. कुणाला कळतंय?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला ते अजून दिसतं, तिचं ते बघणं. तिला हो हवं होतं का नाही हवं होतं, मला कळलं नाही. मला स्वतःला काय हवं होतं ते मात्र मला नीट ठाऊक होतं. तिचे कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळत होते, आणि ते तिथेच वाळत राहावेत एवढंच.

"आई, तू बोल ना काहीतरी."

"मला जे दिसलं ते मी बोलले," मी म्हटलं. "आता पुढचं माझ्याकडून बोलवून घेऊ नका." आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. कौलाच्या टोकावरून पाणी पडत होतं, आणि मी ते बघत होते असं म्हणता येणार नाही.

सकाळी बसमालक आले. मुंबईचा माणूस आला नव्हता, घाटात गाडी अडकली होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वाटलं, त्याने काय फरक पडणार आहे? तुमच्या आईने आधी जुनी रांग चालवून दाखवली. मग नवी गर्दी. लाल चौकोन दाखवले. कुलूप लावल्यावर सगळं ठप्प होतं तेही दाखवलं, आणि कुलूप काढून गर्दी परत चालू ठेवली. एकही गोष्ट तिने लपवली नाही, मऊ केली नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले होते.

बसमालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग चहाचा कप उचलला.

"एवढंच ना?"

"एवढंच म्हणजे?"

"अगं बाय, सीट डबल जाते ती दरवर्षीच जाते. फोनवर नाय जात? पोरगा एक लिहितो, दुसरा दुसरं लिहितो. म्हणून तर मी प्रत्येक गाडीत दोन-चार सीटा मागे ठेवतो, कुणाला सांगत नाय. त्यातूनपण माणूस उरला तर ड्रायव्हरच्या बाजूला बाक हाय. गणपतीला घरी जाणारा माणूस बाकावर बसतो, पण गाडी सोडत नाय." ते माझ्याकडे वळले. "वयनी, सांगा हिला. आणि ठप्प झाला तर बंद करून परत चालू करू. आमचा टीव्हीपण तसाच चालतो."

म्हणजे हे उभं राहू शकत होतं. हा माणूस चुकीसकट घ्यायला तयार होता. लबाडी नव्हती त्यात, तो सगळं बघून बोलत होता. मी आत येऊन ट्रे ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. घे ना, मी मनात म्हणत होते, घे आता.

"काका, फोनवर दोन-चार डबल जातात कारण फोन उचलणारे तुमच्याकडे दोन-चारच आहेत," ती म्हणाली. "इथे सगळे एकदम येणार. किती डबल जातील ते मला सांगता येत नाही. चार जातील, का अर्धी गाडी जाईल. खरंच सांगता येत नाही. आणि तुमच्या बाकावर माणूस मुकाट बसतो, कारण तुम्ही स्वतः तिथे उभे असता. हात जोडता, त्याच्या पोराला मांडीवर घेता. याच्यात कोण उभं असणार?"

"मीच असणार. गाडी माझीच ना?"

"अर्ध्या गाडीसमोर?"

बसमालकांनी कप बशीत ठेवला. पडद्याकडे वळले. एक चौकोन लाल झाला, त्याचा जोडीदार लाल झाला.

"नीट करायला किती दिवस?"

"गणपती होऊन जातील."

"म्हणजे यंदा फोनच." त्यांनी पँटची दुमड सोडली, परत दुमडली. "पुढल्या वर्षी करू मग. तू हायसच."

तुमच्या आईने त्यांची छत्री उचलून हातात दिली. ते निघाले. आजोबा त्यांना खालपर्यंत सोडायला गेले, आणि नेहमीपेक्षा उशिरा वर आले.

आम्ही दोघीच होतो. ती पडदा बंद करायला वाकली, आणि न बघताच म्हणाली, "तू बोलली नसतीस तर?"

"तर तू इथे असतीस."

"आणि गणपतीच्या आदल्या दिवशी?"

"तेव्हाही इथेच असतीस. तोंड लपवून, पण इथेच."

ती हसली. मग एकदम रडायला लागली, आणि मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण ती कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी सोडवायला लागली होती आणि तिचं डोकं टेबलाखाली होतं. मी तिथेच उकिडवी बसले आणि निळी वायर गुंडाळली.

आषाढ संपायच्या आत ती पुण्याला गेली. तिथे तिला इतरांचे प्रोग्राम तपासण्याच्या कामावर घेतलं. काही दिवसांनी म्हणाली, साहेबांनी या नव्या कामासाठी इंटरव्ह्यू घेताना विचारलं, तुमची सगळ्यात मोठी चूक सांगा, आणि मी आपल्या खोलीतली ती दुपार सांगितली. पुण्याहून पुढे ती तिकडे गेली, मग तुमचे बाबा भेटले, मग तुम्ही. ती इथेच राहिली असती तर तुम्ही नसता, असा विचार करायची मला गरज नाही, आणि तुम्ही कराल तर रागावेन. पण तुम्ही मोठे झाल्यावर विचारलंत की आजी, तुला त्या दिवशी बोलल्याचं बरं वाटतं की वाईट, तर मला त्याचं उत्तर देता येणार नाही. बोलायचं का नाही हे मी ठरवलंच नव्हतं. दिसलं आणि तोंडातून गेलं.

ती गेल्यावर आम्हाला घरात बसवेना. पाऊस जरा उघडला की आम्ही दोघं मांडवीच्या किनाऱ्यावर चालत जायचो. जेटीच्या तोंडाशी उभं राहायचं, वारा घ्यायचा, भेळवाल्याकडे बघून काही न घेता परतायचं. ती रविवारी सकाळी फोन करेल असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिने ते कधी पाळलं नाही. कधी बुधवारी भर दुपारी, कधी आम्ही जेवायला बसल्यावर, कधी दहा-बारा दिवस काहीच नाही.

एकदा जेटीवर पोचून पाच मिनिटंही झाली नसतील, मी आजोबांना म्हटलं, "चला."

"आत्ता तर आलो."

"फोन वाजत असेल."

"आज? आज कशाला वाजेल?"

"ते मला काय माहीत," मी म्हटलं, आणि छत्री उघडून चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर मागे त्यांच्या चपलांचा आवाज आला. तेही झपझप चालत होते.